जाड्या तारेसाठी एकच मोठा स्पीकर

बेस गिटारसाठी कॅबिनेट, म्हणजे स्पीकर बसवलेले खोके, घ्यायला निघालेला नवा वादक भेटला की त्याचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: दहा इंचाचे चार स्पीकर असलेले घ्यावे, की पंधरा इंचाचा एकच असलेले? मी गेली नऊ वर्षे पंधरा इंचाच्या एकाच स्पीकरवर वाजवत आलो आहे, त्यामुळे माझे उत्तर काय असेल हे विचारणाऱ्याला आधीच ठाऊक असते. तरीही ते एका वाक्यात द्यायला मी कचरतो, कारण या प्रश्नाभोवती दोन समज घट्ट बसले आहेत आणि माझे उत्तर बहुतेक वेळा त्यांतल्या एकाच्या आधारे स्वीकारले किंवा नाकारले जाते. स्पीकर मोठा म्हणजे आवाज खोल, हा एक समज. स्पीकर मोठा म्हणजे आवाज सुस्त, हा दुसरा. माझ्या मते हे दोन्ही समज चुकीचे आहेत आणि तरीही मी एकाच मोठ्या स्पीकरच्या बाजूचा आहे.

आधी खोलीचा मुद्दा पाहू. चार तारांच्या बेस गिटारवरची सर्वांत जाडी तार, म्हणजे ई, मोकळी छेडली की सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. पाच तारांच्या गिटारवरची बी त्याहून खाली, ३१च्या आसपास असते. इतका खालचा स्वर ऐकू येण्यासाठी स्पीकरला भरपूर हवा ढकलावी लागते, आणि एक सप्तक खाली उतरून आवाज तेवढाच ठेवायचा झाला तर चौपट हवा हलवावी लागते. किती हवा हलेल हे दोन गोष्टींवर ठरते: कोनचे, म्हणजे स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याचे, क्षेत्रफळ आणि तो पुढेमागे किती सरकतो ते अंतर. पंधरा इंचाच्या स्पीकरच्या हलणाऱ्या कोनचे क्षेत्रफळ साधारण ८५० चौरस सेंटीमीटर भरते, दहा इंचाच्या एका स्पीकरचे ३५०. म्हणजे दहाच्या चार स्पीकरांचे मिळून १,४०० झाले. हिशेब सरळ आहे: निव्वळ हवा हलवण्यात दहाचे चार स्पीकर पंधराच्या एकाला मागे टाकतात, आणि 'पंधराचा आहे म्हणून खोल वाजतो' या म्हणण्याला इथेच उत्तर मिळते.

मग खोली ठरते कशावर? ती ठरते खोक्यावर. स्पीकर कितीही चांगला असो, तो ज्या खोक्यात बसवला आहे त्यातली हवा एखाद्या स्प्रिंगसारखी त्याला मागे खेचत असते. खोके लहान असेल तर स्प्रिंग ताठ होते आणि खालचे स्वर लवकर गळून पडतात. हॉफमन यांच्या नावाने ओळखला जाणारा एक नियम सांगतो की लहान खोके, खालचे स्वर आणि कमी वॉटमध्ये मोठा आवाज या तीन गोष्टींपैकी कोणत्याही दोनच एका वेळी मिळतात, तिसरीवर पाणी सोडावे लागते. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१मध्ये आणि त्यांच्यानंतर रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकात स्पीकर व खोके यांचे गणित बसवून दिले आणि तेव्हापासून खोक्याचा आकार व पोर्टची, म्हणजे खोक्यातली हवा आत-बाहेर करणाऱ्या भोकाच्या नळीची, लांबी अंदाजाने ठरवण्याची गरज उरलेली नाही. पंधरा इंचाच्या स्पीकरला बहुतेक वेळा शंभर लिटरहून मोठे खोके लागते. जिन्यावरून वर नेताना त्याच आकारमानाचा राग येतो, पण आपण पैसे मोजतो ते मुख्यतः त्याचेच.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. मोकळी ई वाजवताना आपल्याला जे ऐकू येते त्यात ४१ हर्ट्‌झचा मूळ स्वर अनेकदा फार थोडा असतो, कारण बहुतेक बेस कॅबिनेटे पन्नास-साठच्या खाली मंदावतात. आपल्या कानाला मिळतो तो ८२चा आणि त्यावरचे स्वर, आणि त्यांवरून मेंदू खालचा स्वर स्वतः जुळवून घेतो. तंबोऱ्यातून उमटणारे स्वयंभू स्वर ज्यांनी कान देऊन ऐकले आहेत, त्यांना मूळ स्वर आणि त्यावरचे स्वर यांचे हे नाते नवीन वाटणार नाही.

याचा धडा मला एका कार्यक्रमात चांगलाच मिळाला. माझे कॅबिनेट गाडीत मावत नव्हते म्हणून मी ते घरी ठेवले आणि साउंडवाल्याकडून अठरा इंचाचा एक 'बेस' मागून घेतला. आपल्याकडे साउंडच्या धंद्यात 'दोन टॉप, दोन बेस' असाच हिशेब चालतो, आणि त्यातला बेस म्हणजे फक्त खालची पट्टी वाजवणारा डबा, हे मला ऐकून माहीत होते. पण त्याचा अर्थ त्या संध्याकाळी कळला. डब्याला फक्त शंभर हर्ट्‌झच्या आसपासपर्यंतचाच आवाज जाईल अशी योजना होती. मी वाजवत होतो, व्यासपीठाची फळी पायाखाली थरथरत होती, आणि कोणता स्वर वाजतो आहे हे मला, ढोलकवाल्याला किंवा गायिकेला, कोणालाही सांगता येत नव्हते. पहिल्याच गाण्यात गायिकेने दोनदा वळून माझ्या बोटांकडे पाहिले. बेस गिटारचा स्वर ओळखू येतो तो मधल्या पट्टीमुळे, बोट तारेवरून सुटताना उठणाऱ्या ठोक्यामुळे, आणि ही पट्टी दोन-तीन हजार हर्ट्‌झपर्यंत वर जाते. म्हणून बेस गिटारचा मोठा स्पीकर आणि डीजेचा मोठा स्पीकर या दोन वेगळ्या वस्तू आहेत; इंच सारखे असले तरी काम सारखे नाही.

या वाद्याचा इतिहास मोठ्या स्पीकरनेच सुरू होतो. फेंडर कंपनीचा प्रिसिजन बेस १९५१मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी आलेल्या बेसमन अ‍ॅम्पमध्ये पंधरा इंचाचा एकच स्पीकर होता. दहाचे चार स्पीकर त्यात काही वर्षांनी आले. पण मला ज्याबद्दल खरी माया आहे तो अँपेगचा बी-१५, जो १९६०मध्ये जेस ऑलिव्हर यांनी घडवला. अँपेगचे संस्थापक एव्हरेट हल स्वतः उभा डबल बेस वाजवत. त्या वाद्याच्या पायातल्या खुंटीत मायक्रोफोन बसवण्याची त्यांची कल्पना होती, आणि कंपनीच्या नावातला 'पेग' म्हणजे तीच खुंटी. बी-१५ हे व्हॉल्व्हवर चालणारे, जेमतेम पंचवीस वॉटचे यंत्र होते. त्याचे हेड, म्हणजे आवाज वाढवणारा अ‍ॅम्पचा भाग, खोक्याच्या वरच्या झाकणाला जोडलेले असे आणि काम झाले की झाकण उलटून हेड खोक्याच्या पोटात ठेवता येई. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीचे बेसवादक जेम्स जेमरसन हे यंत्र क्लबांमध्ये वापरत. आजच्या आकड्यांपुढे पंचवीस वॉट म्हणजे काहीच नाही, पण लहान खोलीत, ड्रमवाला समजूतदार असेल तर, त्या आवाजाला अजून तोड नाही असे मानणारे अनेक जण आहेत आणि मी त्यांच्यापैकी एक आहे.

त्याच दशकाच्या अखेरीस अकूस्टिक कंपनीने अठरा इंचाचा एक स्पीकर दुमडलेल्या भोंग्यात बसवून ३६० या हेडबरोबर विकायला काढला. बेसवादक जॅको पास्टोरियस यांनी ते वापरले. भोंग्यामुळे आवाज लांबवर पोहोचे, मात्र कॅबिनेटजवळ उभ्या असलेल्या वादकाला स्वतःचा नेमका अंदाज येत नसे.

आता माझ्या पसंतीचे खरे कारण. एका कॅबिनेटमध्ये दोन स्पीकर शेजारी-शेजारी असले की समोर उभ्या असलेल्या माणसाला दोघांचा आवाज एकाच वेळी पोहोचतो, पण बाजूला उभ्या असलेल्याला एकाचा थोडा आधी आणि दुसऱ्याचा थोडा नंतर. दहाचे दोन स्पीकर मध्यापासून मध्यापर्यंत २८ सेंटीमीटरवर असतील आणि ऐकणारा पंचेचाळीस अंशात तिरका उभा असेल, तर अंतराचा फरक २० सेंटीमीटरच्या आसपास पडतो आणि साधारण ८५० हर्ट्‌झजवळ दोन्ही आवाज एकमेकांना खोडून काढतात. स्वर ओळखू येतो तो नेमका याच परिसरात. गायक, तबलावाला, कीबोर्डवाला हे सगळे माझ्या तिरकसच बसलेले असतात. एकच मोठा स्पीकर असेल तर बाजूला गेल्यावर वरची पट्टी हळूहळू मंदावते, पण मध्येच खड्डा पडत नाही. पंधरा इंचाचा स्पीकर हजार हर्ट्‌झच्या वर आपला आवाज समोरच्या दिशेने एकवटू लागतो, हा त्याचा दोष आहे आणि तो मी मान्य करतो. त्यामुळेच कॅबिनेटसमोर जवळ उभ्या असलेल्या वादकाचे गुडघे सगळे ऐकतात आणि कान काही ऐकत नाहीत, मग तो ट्रेबल वाढवतो आणि समोरच्या रांगेला तो टोचतो. मी कॅबिनेटच्या पुढच्या कडेखाली लाकडी पाचर सारून त्याला मागे थोडे कलते करतो, एवढ्यानेच फार फरक पडतो.

सुस्तपणाचा समज मात्र मला पटत नाही. जो कोन हजार हर्ट्‌झ वाजवतो तो सेकंदाला हजार वेळा पुढेमागे जातो. त्याला सुस्त म्हणणे बरोबर नाही. जे सुस्त वाटते ते एक तर वरची पट्टी कमी पडल्यामुळे, कारण मग तारेचा ठोका ऐकू येत नाही, किंवा चुकीच्या मापाच्या खोक्यामुळे, कारण असे खोके ऐंशी-शंभर हर्ट्‌झजवळ फुगते आणि स्वर थांबल्यावरही घुमत राहते.

खोक्याविषयी मी इतके बोलतो त्याला माझे स्वतःचे कॅबिनेट कारणीभूत आहे. ते मी जुने घेतले होते, आणि मोकळी ई वाजवली की त्यातून 'फर्र' असा आवाज येई. कोन फाटला असेल या भीतीने मी आठही स्क्रू काढले, स्पीकर उलटा करून खिडकीशी धरला, कडेच्या घडीवरून बोट फिरवले. कुठेही चीर नव्हती. परत बसवल्यावर पुन्हा तेच. मग एका मित्राने सुचवले म्हणून खोली बंद केली, पंखा थांबवला, उदबत्ती पेटवली आणि त्याला जाडी तार सारखी छेडायला सांगून मी धुराची रेघ खोक्याच्या कडांवरून सावकाश फिरवली. पुढच्या बाजूला पोर्टपाशी धूर हलला, तो हलणारच होता. स्पीकरच्या कडेला रेघ सरळ राहिली. मागे, जिथे केबल खोचतात त्या पत्र्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्याशी ती दर ठोक्याला झटका खाऊन तुटू लागली. पत्र्यामागची फोमची पट्टी कुजून गेली होती. दाराखिडक्यांना लावतात तसली वीस रुपयांची पट्टी तिथे चिकटवली, स्क्रू आवळले आणि ई स्वच्छ झाली. तेव्हापासून दर पावसाळ्यानंतर मी उदबत्ती लावून एकदा खोक्याच्या सर्व कडा तपासतो.

वॉटच्या आकड्यांवर मी वेळ घालवणार नाही. एक कॅबिनेट सहसा आठ ओहमचे असते (ओहम हे विजेला होणाऱ्या विरोधाचे माप) आणि चार ओहमला पाचशे वॉट देणारे हेड त्यावर निम्म्याच्या थोडे वर देते. पण निम्मे वॉट म्हणजे फक्त तीन डेसिबलचा फरक, आणि तो चांगल्या संवेदनशीलतेचा, म्हणजे तेवढ्याच वॉटमध्ये जास्त आवाज देणारा, स्पीकर निवडून भरून निघतो. जपायचे ते पोर्ट ज्या कंपनसंख्येला जुळवलेला असतो तिच्याखालच्या कंपनांना. त्या पट्टीत पोर्ट असलेल्या खोक्यातली हवा कोनला धरून ठेवत नाही, तो मोकाट सुटतो, आणि अंगठ्याचा एखादा जोरदार फटका कॉइलला, म्हणजे कोन हलवणाऱ्या तारेच्या वेटोळ्याला, मागच्या लोखंडावर आपटवतो. 'टक्' असा तो कोरडा आवाज मी पाच तारांच्या गिटारवर बेसचे बटण वाढवून एकदा ऐकला आहे आणि त्यानंतर हेडच्या आधी पस्तीस-चाळीस हर्ट्‌झच्या खालचे कापणारा फिल्टर लावल्याशिवाय वाजवलेले नाही.

दहाच्या चार स्पीकरांचे कॅबिनेट खाली किंवा वर जोडून पंधराची भर घालण्याची पद्धत जुनी आहे, पण दोन्ही आठ ओहमची असतील तर चार कॉइली मिळून जेवढी वीज घेतात तेवढीच पंधराची एकटी कॉइल घेते, हे विसरून आवाज वाढवणाऱ्यांनी बरेच स्पीकर जाळले आहेत. आवाज वाढवायचाच असेल तर मी तसेच दुसरे कॅबिनेट आणून पहिल्याच्या डोक्यावर उभे ठेवीन, शेजारी नाही.

मोठ्या मैदानावर माझे कॅबिनेट पुरत नाही, आणि तिथे पुरावे अशी अपेक्षाही मी धरत नाही. तिथे गिटारचा सिग्नल केबलमधून थेट मिक्सरला जातो आणि कॅबिनेट फक्त व्यासपीठापुरते उरते. दीडशे-दोनशे खुर्च्यांच्या सभागृहात मात्र ते भिंतीपासून हातभर पुढे, कोपरा टाळून, पाचरीवर कलते ठेवतो. कार्यक्रमाआधी मोकळी ई छेडून मी सभागृहाच्या मागच्या रांगेपर्यंत चालत जातो आणि तिथून परत येताना गायिकेच्या माइकपाशी थांबून तोच स्वर पुन्हा ऐकतो.