एम.एस्सी.नंतरचे बी.एड.

गणितात एम.एस्सी. झाल्यावर मी बी.एड.ला प्रवेश घेतला, तेव्हा घरच्यांसह अनेकांनी एकच प्रश्न विचारला, की एवढे गणित शिकल्यावर नववी-दहावीच्या मुलांना शिकवण्यासाठी आणखी दोन वर्षे कशाला घालवायची. विचारणाऱ्यांना माझी काळजीच होती, आणि ज्याला विषय येतो त्याला तो शिकवताही येतो हा त्यामागचा समज आपल्याकडे सगळीकडे आढळतो. आता माध्यमिक शाळेत शिकवताना मला ठामपणे वाटते, की ही दोन वर्षे आवश्यक होती. मात्र ती सार्थकी लागतात ती शाळेत घालवलेल्या काळामुळे आणि त्या काळात कुणी जाणकार आपल्या वर्गात मागे बसून आपले शिकवणे पाहतो, म्हणून. प्रशिक्षणाच्या नेमक्या याच भागाची आज सर्वांत जास्त हेळसांड होते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आमच्या आधीच्या पिढीतील शिक्षकांनी बी.एड. एका वर्षात पूर्ण केले होते. महाराष्ट्रातील डी.एड. महाविद्यालयांच्या मान्यतेवरून वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, न्यायालयाने न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला आणि आयोगाने २०१२ मध्ये अहवाल दिला. त्यानंतर राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१४ मध्ये नवे विनियम काढले आणि २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले. या विनियमांत शालेय आंतरवासितेसाठी, म्हणजे शाळेत राहून शिकवण्याच्या सरावासाठी, किमान २० आठवडे ठेवलेले आहेत आणि त्यांतील १६ दुसऱ्या वर्षात आहेत. वाढीव वर्षाचे खरे प्रयोजन इथेच आहे, असे मी मानते. प्रवेशाची वाट तशी सरळ आहे : पदवीला किमान ५० टक्के गुण (आरक्षित प्रवर्गांना सवलत), राज्य सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा आणि मग केंद्रीय फेऱ्या.

पहिल्या सत्रात सूक्ष्म अध्यापन असते. फलकलेखन, प्रश्न विचारणे, चेतक बदल (आवाज, हालचाली बदलून लक्ष टिकवणे), प्रबलन (उत्तराला प्रोत्साहन देणे), सज्जता प्रवर्तन (मुलांना नव्या पाठासाठी तयार करणे) अशी एकेक कौशल्ये सुटी करून आपल्याच वर्गमित्रांसमोर सहा मिनिटे शिकवायचे, सहा मिनिटे प्रत्याभरण, म्हणजे पाहणाऱ्यांचा अभिप्राय, ऐकायचे, बारा मिनिटांत पाठाची फेरआखणी करायची आणि तोच पाठ पुन्हा सहा मिनिटे घेऊन सहा मिनिटे प्रत्याभरण ऐकायचे, असे हे छत्तीस मिनिटांचे चक्र असते. पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांना सुरुवातीला हे पोरकट वाटते, कारण समोर बसलेल्या सहकाऱ्यांना उत्तरे आधीच ठाऊक असतात. तरीही प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी थांबायचे, त्या शांततेला घाबरून स्वतःच उत्तर देऊन टाकायचे नाही, ही सवय इथेच लागते आणि पुढे खऱ्या वर्गात तिचा फार उपयोग होतो.

पाठ टाचणांबद्दल, म्हणजे प्रत्येक पाठाच्या लेखी आखणीबद्दल, मात्र माझे मत दुहेरी आहे. उद्दिष्टे व स्पष्टीकरणे, शिक्षक कृती, विद्यार्थी कृती, फलकलेखन, मूल्यमापन असे रकाने आखून रात्री उशिरापर्यंत टाचणे लिहिताना अनेक छात्राध्यापक (बी.एड.चे विद्यार्थी) जुन्या वह्यांवरून उतरवून काढतात, आणि तपासणीत रकाने भरलेले दिसले की सही मिळते. पण ‘विद्यार्थी कृती’ हा रकाना मन लावून भरायला बसलो, तर आपल्या विषयाकडे पाहण्याची दिशाच बदलते. मुले या प्रश्नाला कोणकोणती उत्तरे देतील, त्यांतील चुकीची कोणती आणि ती चूक त्यांना बरोबर का वाटत असेल, याचा विचार विद्यापीठात आम्हाला कुणी करायला लावला नव्हता. तिथे सिद्धता बरोबर आली की काम संपत असे.

याचे एक उदाहरण आंतरवासितेच्या काळातले आहे. नववीच्या वर्गात वास्तव संख्या शिकवताना मी फळ्यावर √२, ३/५, √९ आणि π या संख्या लिहिल्या आणि त्यांतील परिमेय, म्हणजे पूर्णांक अंश आणि पूर्णांक छेद घेऊन लिहिता येणाऱ्या, कोणत्या, ते विचारले. एका मुलीने ३/५ आणि √९ यांच्याबरोबर π हीसुद्धा परिमेय सांगितली. मी कारण विचारले. ती म्हणाली, “मॅडम, पाय म्हणजे २२/७. अंशही पूर्णांक, छेदही पूर्णांक. मग ती परिमेयच ना?” निम्म्याहून अधिक वर्गाने माना डोलावल्या. तिच्या तर्कात कुठेही खोट नव्हती. वर्तुळाचे परीघ आणि क्षेत्रफळ काढताना मागच्या इयत्तांमध्ये तिने २२/७ हीच किंमत वापरलेली होती, आणि ती जवळची किंमत आहे ही सूचना गणिते सोडवण्याच्या घाईत मागे पडली होती. π अपरिमेय असल्याची सिद्धता अठराव्या शतकात गणितज्ञ लॅम्बर्टने दिली हे मला ठाऊक होते, पण त्या क्षणी त्या मुलीला त्याचा काहीही उपयोग नव्हता.

मी सगळ्या वर्गाला २२ ला ७ ने भागायला सांगितले आणि प्रत्येक पायरीची बाकी बाजूला लिहून ठेवायला लावली. बाकी क्रमाने १, ३, २, ६, ४, ५ अशी आली आणि मग पुन्हा १ आली. “मॅडम, आता परत तेच येणार!” असे दोन-तीन मुले एकदमच म्हणाली. का येणार, असे विचारल्यावर थोडा वेळ कुणीच बोलले नाही. मग एक मुलगा म्हणाला, की ७ ने भागल्यावर बाकी १ ते ६ यांपैकीच राहणार, सहाही येऊन गेल्या तर सातवी नवी कुठून येईल. पूर्णांकाला पूर्णांकाने भागले, की दशांश रूप एक तर संपते किंवा आवर्ती होते, या नियमामागचे कारण त्या मुलाने स्वतः शोधले होते. त्यानंतर मी ३.१४२८५७१४… या भागाकाराखाली π ची किंमत ३.१४१५९२६५… अशी लिहिली. दशांश चिन्हानंतरच्या तिसऱ्याच स्थळी दोन्ही संख्या वेगळ्या होतात, हे त्या मुलीनेच सर्वांना दाखवले आणि “म्हणजे २२/७ हा पाय नाही, पायच्या जवळचा आहे,” असे सांगितले. किती जवळचा, तेही आम्ही काढले : ७ मीटर व्यासाच्या वर्तुळाचा परीघ २२/७ घेऊन काढला, तर फरक ९ मिलिमीटरच्या आसपास पडतो.

हा तास गणिताचे ज्येष्ठ शिक्षक मागे बसून पाहत होते. पाठानंतर त्यांनी निरीक्षण वहीत ‘पाठ चांगला झाला’ असा ठरावीक शेरा लिहिला नाही. भागाकार कोणकोणत्या बाकांवर पूर्ण झाला, कोणत्या मुलांनी शेजाऱ्याची बाकी उतरवून घेतली, आवर्तनाचे कारण सांगणाऱ्या मुलाचे बोलणे मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेले का, हे त्यांनी टिपून ठेवले होते. शिकवणाऱ्याला फळ्याजवळून जे दिसत नाही, ते त्यांना मागच्या बाकावरून दिसले होते. पुढच्या पाठाची आखणी मी त्या नोंदी समोर ठेवून केली. शिक्षक याच मार्गाने घडतो, असा माझा अनुभव आहे, आणि हे काम पुस्तकातून किंवा चित्रफितीतून होण्यासारखे नाही.

असे मार्गदर्शन मिळणे मात्र बरेचसे नशिबावर अवलंबून राहते. अनेक शाळांत छात्राध्यापक आले की त्यांना गैरहजर शिक्षकांच्या बदली तासांवर पाठवले जाते, उत्तरपत्रिकांचे गुण भरायला बसवले जाते आणि महाविद्यालयाचे प्राध्यापक आठवड्यातून एकदा येऊन वह्यांवर सह्या करून जातात. माझ्या काही सहकाऱ्यांचे पाठ सुरुवातीची पाच मिनिटे सोडली तर कुणी पाहिलेच नाहीत. याहून वाईट म्हणजे, हजेरी न लावता पदवी मिळवून देण्याची बोली करणारी महाविद्यालये आहेत, आणि नोकरी सांभाळून बी.एड. ‘करून टाकण्यासाठी’ तिथे जाणारे पदवीधरही आहेत. त्यांची अडचण मी समजू शकते, पण ज्या नववीच्या वर्गासमोर ते पुढे उभे राहणार आहेत, त्या वर्गाचा विचार या व्यवहारात कुणी करत नाही.

पदवीनंतरची वाटही लांबच आहे. सहावी ते आठवीसाठी शिक्षक पात्रता परीक्षेचा, म्हणजेच टीईटीचा, दुसरा पेपर उत्तीर्ण व्हावा लागतो. नववी-दहावीसाठी अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, म्हणजेच टेट, द्यावी लागते. ती २०० गुणांची आहे आणि तिच्या गुणांवर पवित्र पोर्टल या राज्याच्या शिक्षक भरतीच्या संकेतस्थळामार्फत भरती होते. निवड झाल्यावर पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून मानधनावर काढायची असतात. माध्यमिकसाठी हे मानधन २०२३ मध्ये ८,००० वरून १८,००० रुपये झाले. टेटमध्ये विषयाचे एकही प्रकरण नसते आणि उमेदवाराने वर्गात कधी कसे शिकवले, याचाही कुठे विचार होत नाही, त्यामुळे दुसऱ्या वर्षातच छात्राध्यापक आंतरवासिता कशीबशी उरकून चाचणीच्या तयारीच्या वर्गांकडे धावतात. त्यांना मी दोष देत नाही. निवडीच्या गुणांत आंतरवासितेतील निरीक्षणांना थोडे जरी वजन मिळाले, तरी शाळा, महाविद्यालय आणि छात्राध्यापक हे तिघेही त्या १६ आठवड्यांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतील.

यंदा प्रवेश घेणाऱ्यांनी महाविद्यालयाची निवड करताना शुल्क आणि अंतर यांबरोबर आणखी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात, अशी माझी विनंती आहे. आंतरवासितेसाठी कोणत्या शाळा दिल्या जातात, आपल्या अध्यापन पद्धतीचे (म्हणजे आपण शिकवणार त्या विषयाचे) प्राध्यापक प्रत्येकाचे किती पाठ सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसून पाहतात, आणि शाळेतील विषयशिक्षकाला मार्गदर्शनासाठी वेळ मोकळा करून दिला जातो का, या त्या गोष्टी आहेत. शक्य असल्यास मागच्या तुकडीतील एखाद्या विद्यार्थ्याची निरीक्षण वही मागून घ्यावी आणि तिच्यातील शेरे वाचून मगच प्रवेश निश्चित करावा.