वस्तरा आणि नजर

अँथनी अॅस्क्विथ यांचा ‘ए कॉटेज ऑन डार्टमूर’ हा १९२९ सालचा ब्रिटिश मूकपट मी नुकताच दुसऱ्यांदा पाहिला. पहिल्या वेळी तो मला मत्सराची गोष्ट वाटला होता. या वेळी मात्र तो स्पर्शाच्या भुकेविषयी आहे, असे प्रकर्षाने जाणवले.

इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या तुरुंगातून पळालेला जो नावाचा कैदी ओसाड माळ तुडवत एका एकाकी घरापाशी पोहोचतो. तिथे आपल्या बाळासह असलेली सॅली त्याला ओळखते, तिच्या तोंडून त्याचे नाव निघते आणि चित्रपट थेट त्यांच्या जुन्या सलूनमध्ये जातो. तिथे जो गिऱ्हाइकांच्या दाढ्या करीत असे आणि सॅली त्यांची नखे कोरून देत असे. दिवसभर परक्यांच्या गालांवरून आणि गळ्यांवरून हात फिरवणाऱ्या जोला जिचा हात हातात घ्यावासा वाटतो, तिचे हात मात्र शेतकरी हॅरीच्या हातात गुंतलेले असतात, आणि तेही कामाचा भाग म्हणून, त्याच्या डोळ्यांदेखत. हॅरी पुन्हा पुन्हा नखे करून घ्यायला येतो. त्यामागचा हेतू सांगायला दिग्दर्शकाला पडद्यावरच्या लिखित पाटीची गरज भासत नाही.

जोची भूमिका करणारे उनो हेनिंग स्वीडिश, तर हॅरी झालेले हान्स श्लेटो जर्मन. इंग्लंडच्या मातीतली ही माणसे त्यांनी साकारावीत हे मूकपटातच सहज शक्य होते, आणि ते दिवस तर संपत आले होते. त्याची जाणीव चित्रपटगृहाच्या प्रसंगात आहे. सॅली आणि हॅरी बोलपट पाहायला जातात आणि जो त्यांच्या मागे येऊन बसतो. पडदा आपल्याला दिसतच नाही; दिसतात ते केवळ प्रेक्षकांचे चेहरे, आणि बोलपट सुरू होताच वाद्ये बाजूला ठेवून रिकामे बसलेले, मूकपटांना साथ देणारे वादक. सगळे सभागृह पडद्याकडे पाहत असताना एकटा जो त्या दोघांकडे पाहत राहतो. वासनेचे इतके अचूक चित्र मी क्वचितच पाहिले आहे.

पुढे हॅरी दाढीसाठी खुर्चीत बसतो, सॅलीच्या बोटातली अंगठी जोच्या नजरेस पडते आणि वस्तरा हॅरीच्या गळ्यापाशी असतो. अॅस्क्विथ हा क्षण निर्दयपणे ताणतात. काय होणार हे ठाऊक असूनही दुसऱ्यांदा माझा श्वास अडकला.

मला अधिक गुंतवून ठेवते ती सॅली. ज्याने हॅरीचा, म्हणजे आता आपला नवरा असलेल्या माणसाचा, जीव घ्यायला हात उगारला, त्याला ती घरात लपवते, आणि कैदेतून सुटण्याची वाट मोकळी असतानाही तो तिच्याकडे परत धावतो व पहारेकऱ्यांच्या गोळीने कोसळतो. तो तिच्या मिठीत मरतो तेव्हा सॅली झालेल्या नोरा बेरिंग यांच्या चेहऱ्यावर केवळ दया नाही. तिलाही तो कधी हवासा वाटला होता का, हा प्रश्न चित्रपट तिच्या त्या चेहऱ्यावरच सोडून देतो.