तुम्ही विचारलेत म्हणून : असमानतेला आठ तासिका कशाला?

समीकरणे येणाऱ्या मुलांना असमानता, म्हणजे ‘बरोबर’ऐवजी ‘पेक्षा लहान’ किंवा ‘पेक्षा मोठे’ सांगणारी मांडणी, शिकवायला आठ तासिका कशाला लागतात, असे सहकारी विचारतात, पालकसभेत पालक विचारतात आणि यंदा तर अकरावीतल्या एका मुलानेच विचारले. दरवेळी मी विषय टाळला. आता एकदाचे उत्तर देतो.

गिरणाकाठच्या आमच्या वर्गात बरीच मुले शेतकऱ्यांची आहेत, म्हणून मी पाच एकर शेत घेतो: क्ष एकर कपाशी, य एकर केळी, क्ष + य ≤ ५, म्हणजे दोन्ही मिळून पाच किंवा त्याहून कमी. (५, ०) आणि (०, ५) जोडणारी रेषा सगळेच बिनचूक काढतात, पण अट पाळणारी म्हणून रंगवायची कोणती बाजू हे मात्र शेजारच्या वहीत पाहतात. मी विचारतो, (०, ०) चालेल का? आधी नकार येतो, मग मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणते, ‘सर, पडीक ठेवलं तर?’ चालते, शून्य पाचापेक्षा लहान आहे, म्हणून आरंभबिंदूकडची बाजू रंगवायची. पण कपाशी केळीच्या दुपटीहून जास्त हवी, क्ष > २य, असे म्हटले की रेषा आरंभबिंदूतूनच जाते, तो तपासून काही कळत नाही, (१, ०) घ्यावा लागतो, आणि दोन्ही बाजू समान होणे मान्य नसल्याने रेषाही तुटक काढावी लागते. यात दोन तासिका जातात आणि त्यांचे मला वाईट वाटत नाही.

उरलेल्या तासिका एका वहीमुळे लागतात.

काही वर्षांपूर्वी मी ७ − २क्ष > १ हे उदाहरण दिले होते. माझी रीत ठरलेली: −२क्ष > −६, मग −२ ने भागून चिन्ह उलटवायचे, क्ष < ३. एका मुलीने २क्ष उजवीकडे नेले, १ डावीकडे आणला, ६ > २क्ष लिहिले आणि शेवटी ३ > क्ष. तिच्या मांडणीत चिन्ह कुठेच उलटले नव्हते. वह्या तपासून घ्यायला रांग लागली होती. मी लाल फुली मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणालो, ‘चिन्ह उलटवायचे राहिले, किती वेळा सांगायचे?’ ती हळूच म्हणाली, ‘सर, पन कसाले?’ मी म्हणालो, ‘नियम आहे.’

दुसऱ्या दिवशी तिने वही पुन्हा आणली. खोडून खोडून कागद विरला होता, त्यावर ३ < क्ष लिहिले होते आणि संख्यारेषेवर तीनपाशी पोकळ वर्तुळ काढून उजवीकडे ठळक बाण काढला होता. क्षच्या जागी ४ घातले तर डावीकडे −१ येतो, आणि तो एकापेक्षा मोठा नाही, हे मला तेव्हा दिसले. आदल्या दिवशीचे ३ > क्ष म्हणजे क्ष < ३ च; ते बरोबर असलेले उत्तर तिने माझ्या शब्दाखातर चुकवून आणले होते. मी तिची माफी मागितली, पण व्हरांड्यात. फुली वर्गासमोर मारली होती.

त्यानंतर मी सुरुवातीला नियम सांगणेच सोडले. थॉमस हॅरियट यांच्या १६३१ साली छापलेल्या ग्रंथात < आणि > ही चिन्हे आली, त्याआधीही २ हा ५ पेक्षा लहानच होता. म्हणून चिन्हाला हात लावण्यापूर्वी मुले संख्यारेषेवर २ आणि ५ ला −१ ने गुणतात आणि डावीकडचा २ हा −२ होऊन −५ च्या उजवीकडे गेलेला स्वतः पाहतात.

पूर्वीचा मी अजून वाद घालतो. साठ मुले, तोंडावर आलेली परीक्षा. नियम पाठ असला की बहुतेकांचे उत्तर येते, असे तो म्हणतो आणि ते खोटे नाही. माझ्या या आठ तासिकांपायी गेल्या वर्षी संभाव्यता घाईत उरकली, हेही मान्य आहे. शिवाय इतके करूनही काही मुले २क्ष > −६ मध्ये उजवीकडचा ऋण सहा पाहूनच चिन्ह उलटवतात आणि क्ष < −३ लिहितात, जरी भागले +२ ने असले तरी. त्यांच्या शेजारी बसून मी क्षच्या जागी शून्य घालायला सांगतो. शून्य ऋण सहापेक्षा मोठे आहे हे ती मान्य करतात, आणि पुढच्या उदाहरणात पुन्हा उलटवतात. त्यांच्यासाठी यंदा मी नववी तासिका मागितली आहे.