कमानीतून आत : आई-तात्यांसोबत जुन्या कोचिंग इनमध्ये दोन रात्री

आई-तात्या आमच्याकडे इंग्लंडमध्ये लेस्टरला तीन महिने राहायला आले, तेव्हा त्यांना दोन रात्री कुठल्यातरी जुन्या कोचिंग इनमध्ये, म्हणजे घोडागाडीच्या प्रवाशांसाठी बांधलेल्या हॉटेलात, न्यायचं मी आधीच ठरवलं होतं. तात्यांनी चौतीस वर्षं एसटी चालवली. घोडागाड्यांच्या काळातल्या मुक्कामाच्या जागा त्यांना दाखवायच्या, ही माझी फार दिवसांची इच्छा. पण आईचा उजवा गुडघा दुखरा आणि ती माळकरी. त्यामुळे नुसतं बुकिंग करून भागणार नव्हतं.

याआधी मी एकदा चुकले होते. दोन वर्षांपूर्वी मी आणि नवरा एका गावात भर चौकातल्या अशाच जुन्या हॉटेलात राहिलो. फोटो सुंदर, काळ्या तुळया, फायरप्लेस. प्रत्यक्षात खोली निघाली तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद आणि वळणाचा, लिफ्ट नाही. खिडकीखाली पबची मागची बाजू, आणि वार शनिवार. रात्री दोनपर्यंत डोळा लागला नाही. सकाळी सांगितलं तर उत्तर मिळालं, खोल्या पाहुणे आल्यावरच वाटून देतो, इमारत जुनी आहे. त्या रात्री मला एकच दिसत होतं, इथे आई असती तर तिला उचलून वर न्यावं लागलं असतं.

म्हणून या वेळी ॲपवर बुकिंग केलंच नाही. थेट फोन लावला, तोही दुपारी तीनच्या सुमाराला, कारण तेव्हा रिसेप्शनवरच्या माणसाला बोलायला सवड असते. या इमारतींना सरकारी संरक्षण असतं. परवानगीशिवाय त्यात लिफ्ट बसवता येत नाही, जिना रुंद करता येत नाही, खिडक्यासुद्धा बदलता येत नाहीत. तेव्हा 'लिफ्ट आहे का' एवढं विचारून थांबलं की फसगत होते. मी विचारलं, खोलीपर्यंत पायऱ्या नेमक्या किती? जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा आहे का? त्या मजल्यावर मध्येच एखाद-दोन पायऱ्या चढ-उतार आहे का? (जुन्या घरांना घरं जोडत ही हॉटेलं वाढलेली असतात, त्यामुळे पॅसेजमध्ये हे हमखास असतं.) अंघोळीला शॉवर आहे की उंच काठाचा टब? खोली रस्त्यावर उघडते, बारवर आहे की आतल्या अंगणाकडे? त्या दिवशी हॉटेलात लग्न आहे का?

टबाचा प्रश्न मला आईमुळेच सुचला. दुखऱ्या गुडघ्याने दीड-दोन फूट उंच काठ ओलांडणं जिना चढण्यापेक्षा अवघड जातं. फोनवरच्या मुलीने मला थांबवून ठेवलं, स्वतः वर जाऊन पायऱ्या मोजल्या आणि येऊन सांगितलं, अकरा, एका बाजूला कठडा, अंगणाकडची खोली, शॉवर. मी म्हटलं, हीच खोली माझ्या नावाने लिहा आणि ईमेलमध्ये खोलीचा नंबर घाला. तो नंबर लेखी असणं फार गरजेचं. पुन्हा 'आल्यावर वाटू' ऐकायची माझी तयारी नव्हती. नाश्त्याचंही त्याच ईमेलमध्ये लिहिलं, अंडं नाही, मांस नाही, आणि सॉसेजच्या तव्यावर परतलेलं काही नाही. उत्तर आलं, मशरूम, टोमॅटो आणि बटाटे वेगळ्या पॅनमध्ये करू.

गाव निवडलं स्टॅमफर्ड. आमच्यापासून गाडीने तासाभराचं अंतर. हे गाव लंडनहून यॉर्क आणि पुढे एडिंबराला जाणाऱ्या ग्रेट नॉर्थ रोडवर होतं. घोड्यांच्या गाड्या त्या रस्त्याने धावायच्या आणि साधारण दहा मैलांवर घोडे बदलायचे, कारण भरधाव पळणारं घोडं त्याच्यापुढे टिकत नाही. म्हणून टप्प्याटप्प्यावर इन उभे राहिले, खाली तबेला, वर खोल्या, मध्ये अंगण, आणि गाडी सरळ आत यावी म्हणून रस्त्यावरच उंच कमान. १७८४ साली ब्रिस्टल-लंडन मार्गावर टपाल नेणारी पहिली मेल कोच सुटली आणि या इनना खरी बरकत आली. पुढे रेल्वेने हे सगळं संपवलं. मुख्य लोहमार्ग १८५० च्या सुमारास पीटरबरोवरून गेला, स्टॅमफर्ड बाजूला पडलं, आणि फारसे कारखाने न आल्याने जुनं दगडी गाव तसंच राहिलं. १९६७ मध्ये इंग्लंडमधलं पहिलं संवर्धन क्षेत्र जाहीर झालं ते हेच. सगळं गाव त्या मधाळ रंगाच्या चुनखडीचं आहे. ऊन कललं की भिंतींना हळदीचा रंग चढतो.

आम्ही पोचलो तेव्हा हॉटेलच्या कमानीतून गाडी घालायची माझी हिंमत झाली नाही. आई आणि सामान दारात उतरवलं आणि गाडी नदीकाठच्या पार्किंगमध्ये लावून आले. परत येते तर तात्या कमानीखाली उकिडवे बसलेले. दोन्ही कोपऱ्यांना जमिनीलगत एकेक गोल दगड बसवलेला होता. गाडीचं चाक भिंतीला घासू नये म्हणून तो ठेवतात. डावीकडचा दगड आतल्या बाजूने चांगला वीतभर झिजला होता. तात्या त्यावरून तळवा फिरवत होते. "बघ, सगळे इथंच घासलेत. बाहेरनं येताना ड्रायव्हरला वळण घ्यायला जागा कमी पडते, म्हणून डावीकडंच." मी या कमानी किती वेळा पाहिल्या असतील, दगड कधी दिसला नव्हता.

खोली खरोखर अकरा पायऱ्यांवर होती. जमीन मात्र खिडकीकडे उतरती. आईने टेबलावर गोळ्यांची डबी ठेवली, ती घरंगळत जाऊन भिंतीला टेकली. तिने ती उचलून पुन्हा ठेवली, पुन्हा तेच. मला काळजी वाटली, पण ती पलंगावर बसून पायांनी फळ्या दाबून बघत म्हणाली, "आमच्या माहेरच्या वाड्याची माडी अश्शीच वाजायची." मग किटलीत चहाचं पाणी ठेवलं, सोबत आणलेली चहापूड आणि दशम्या काढल्या. दरवर्षी वारीत धर्मशाळेत, शाळेत, कुणाच्या ओसरीवर मुक्काम करणाऱ्या बाईला खोलीचं काही अवघड वाटत नसतं. तिला विचारायचं होतं ते एवढंच, की पायी येणाऱ्यांना इथे जागा मिळायची का. गाडीवाल्यांसाठी मोठे इन होते, पायी चालणाऱ्यांना आणि सामानाच्या गाड्या हाकणाऱ्यांना साध्या खानावळवजा जागा. हे सांगितल्यावर ती गप्प झाली.

संध्याकाळी पूल ओलांडून 'द जॉर्ज' बघायला गेलो. तिथे रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवी तुळई टाकलेली आहे आणि तिच्यावर हॉटेलची पाटी. फाशीच्या खांबासारखी दिसते ती. वाटमाऱ्यांना धाक आणि सज्जन प्रवाशाला स्वागत, असा तिचा अर्थ सांगतात. आत शिरल्यावर एका बाजूच्या दारावर 'लंडन' आणि समोरच्यावर 'यॉर्क' लिहिलेलं. दोन दिशांच्या प्रवाशांनी गाडीची वाट बघत बसायच्या या खोल्या. भरभराटीच्या काळात इथून रोज चाळीस गाड्या जात, वीस लंडनकडे, वीस यॉर्ककडे. तात्या त्या दोन दारांच्या मध्ये उभे राहिले आणि डावी-उजवीकडे बघत म्हणाले, "फलाटच की हे."

तिथे चहा घेताना मी त्यांना मेल कोचच्या गार्डाबद्दल सांगितलं. हा मागे बसायचा, पोस्टखात्याचा नोकर, जवळ बंदूक आणि कुलपातलं घड्याळ. टोलनाक्याला दुरूनच शिंग फुंकायचा, म्हणजे गाडी पोचेपर्यंत फाटक उघडलेलं असे. प्रत्येक टप्प्यावर पोचल्याची वेळ त्याच्या कागदावर लिहिली जायची. आणि तेव्हा गावोगावची वेळ वेगळी असल्याने ते घड्याळ मुद्दाम थोडं पुढे किंवा मागे धावेल असं लावलेलं असायचं. तात्यांनी कप खाली ठेवला. "कंट्रोलरकडं एंट्री," ते म्हणाले. "घोडे बदलायला किती वेळ द्यायचे?" मी सांगितलं, सुरुवातीला पाच मिनिटं, पुढे तरबेज लोक एका मिनिटात जुंपायचे. मग बराच वेळ ते मला त्या तबेल्यातल्या पोरांबद्दल विचारत राहिले, रात्री-अपरात्री शिंग ऐकून ताजे घोडे घेऊन थंडीत उभं राहणाऱ्यांबद्दल. त्यांची नावं कुठे लिहिलेली असतात का? इनमध्ये राजेरजवाड्यांचे फोटो आणि पाट्या असतात. त्या पोरांचं मला तरी कुठे काही दिसलेलं नाही, आणि तात्यांनी विचारल्यापासून ते मला बोचतं आहे.

नाश्ता सांगितल्याप्रमाणे आला, वेगळ्या पॅनमधला. आचारी स्वतः बाहेर येऊन आईला हात जोडून गेला. रात्री अंगणाकडे एवढी शांतता होती की फक्त चर्चच्या घड्याळाचे ठोके ऐकू यायचे. ज्यांची झोप सावध आहे त्यांनी याचीही आधी चौकशी करावी. आमच्या तात्यांना बसस्टँडवर झोपायची सवय.

निघायच्या दिवशी आईचा गुडघा सुजला होता. पार्किंगपर्यंत चालणं शक्य नव्हतं आणि रस्त्यावर पिवळ्या दुहेरी रेषा, म्हणजे गाडी उभी करून ठेवायला मनाई. तात्या म्हणाले, "गाडी आत आण. मी उभा राहतो." मी म्हटलं, तात्या, आत आणीन, पण बाहेर उलटी काढावी लागेल, आणि समोर मेन रोड आहे. "मी उभा राहतो म्हटलं ना."

गाडी आत घातली, आईला दारातच गाडीत बसवलं, सामान भरलं. मग रिव्हर्स टाकला. तात्या कमानीच्या बाहेर, स्वेटर घालून, रस्त्याच्या कडेला. एका हाताने त्यांनी येणारी व्हॅन थांबवली, व्हॅनवालाही मुकाट थांबला. आरशात मला दोन्ही बाजूंच्या दगडी भिंती आणि मध्ये त्यांचा दुसरा हात एवढंच दिसत होतं. येऊ दे, येऊ दे, डावीकडं जरा, येऊ दे. डावा दगड आरशातून सरकत पुढे गेला. त्यांनी तळवा उभा केला तशी मी थांबले, बोटं हलवली तशी पुन्हा सोडली.