कोडीला जाताय? वाटेत रायफलचे पैसे देऊ नका

परवाच डेन्व्हरहून वायोमिंगमधल्या कोडीला जाऊन आलो, पाठ अजून अवघडलेली आहे आणि रागही गेलेला नाही, म्हणून आत्ताच लिहून टाकतो.

जाताना एका गावात जुन्या वस्तूंच्या दुकानात विंचेस्टर कंपनीची १८९४ मॉडेलची रायफल दिसली. अष्टकोनी बॅरल, .३८-५५ कॅलिबर, लिव्हर ओढला की रिसीव्हरचा (मधल्या लोखंडी सांगाड्याचा) तळच खाली झुकतो, ९४ ची ती खास खूण. सीरियल नंबर ६१ हजारांतला. दुकानदाराने छापील यादीत बोट ठेवून दाखवलं, १८९६ ची आहे, अँटिक आहे, बंदूक खरेदीचा सरकारी फॉर्म भरावा लागत नाही, आणि तेवढ्यावर ६०० डॉलर जास्त लावले. मी दिले.

कोडीच्या बफेलो बिल सेंटरमध्ये पाच म्युझियम आहेत, त्यातलं एक फक्त बंदुकांचं, आणि तिथेच विंचेस्टर कारखान्याच्या मूळ वह्या ठेवलेल्या आहेत. तिथे नंबर दिला आणि उत्तर आलं १८९९. अमेरिकेच्या कायद्यात १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक अँटिक, म्हणजे माझी एका वर्षाने बाहेर! भानगड अशी की जुन्या पुस्तकांतून फिरणाऱ्या यादीप्रमाणे ९४ चे १८९८ अखेरचे नंबर १,४७,००० च्या पुढे जातात, पण कारखान्याच्या पॉलिशिंग रूमच्या (जिथे नंबर ठोकत) नोंदींप्रमाणे ते ५४ हजारांच्या आसपासच थांबतात. मधल्या सगळ्या रायफली दुकानदार अँटिक म्हणून विकतायत. दुकानात फोन केला तर परत घेणार नाही म्हणाला, आता वकिलाला विचारतोय कारण फॉर्मशिवाय घेतलेली बंदूक घरात ठेवून मला झोप येत नाही, मी ग्रीन कार्डवाला आहे.

तर पैसे देण्याआधी नंबरचा फोटो काढा. ९४ चा रिसीव्हरखाली पुढच्या बाजूला असतो, १८७३ मॉडेलचा लिव्हरमागच्या पट्टीवर. मग कोडीला फोन करा, फी घेतात पण नंबरवरून सांगतात. ९४ च्या वह्या ३,५३,९९९ पर्यंत आहेत, ७३ च्या थोड्या गाळलेल्या नंबरांसकट ७,२०,४९६ पर्यंत, पितळी अंगाच्या १८६६ मॉडेलच्या मात्र १,२४,९९५ पासूनच. पत्र मागवलंत तर कॅलिबर, बॅरल, गोदामातून निघाल्याची तारीखही मिळते, आणि गोदामाची तारीख नंबराच्या तारखेनंतरची असू शकते, घोळ करू नका. बॅरलवर लंबगोलात डब्ल्यूपी (विंचेस्टरचा चाचणीचा शिक्का, १९०५ पासूनचा) दिसलं तर ते बॅरल १९०५ च्या आधीचं म्हणून कोणी विकत असेल तर उठून चालू लागा. गंजाच्या खड्ड्यांवरून काळाभोर रंग दिसला तर तो नंतर चढवलाय.

रस्त्याचं सांगतो. थर्मोपोलिसहून मीटीट्सीमार्गे कोडी, १२० नंबरचा रस्ता, ८० मैलांच्या वर. संध्याकाळी अजिबात नको. हरणं रस्त्यावर, मोबाइलला रेंज नाही, मी ८ तास गाडी चालवून तिथे पोचलो होतो आणि एक प्रॉन्गहॉर्न (तिथलं हरणासारखं जनावर) बॉनेटसमोरून हातभर अंतरावर गेलं, हात नंतर पंधरा मिनिटं थरथरत होते. थर्मोपोलिसला मुक्काम करा, सकाळी निघा, पेट्रोल तिथेच भरा.

पुढे यलोस्टोनला दोन दिवस होतो, छान होतं.