उजव्या डोळ्यातलं अल्ब्युमिन

एकाच रुग्णाच्या दोन डोळ्यांतल्या अश्रूंमधली प्रथिनं आम्ही एलायझा या प्रयोगशाळेतल्या चाचणीने मोजली, आणि दोन डोळ्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नव्हते. लॅक्टोफेरिन हे प्रथिन दोन्हीकडे जवळपास सारखं, लायसोझाइमही सारखं. अल्ब्युमिन मात्र उजवीकडे कितीतरी पट जास्त.

लॅक्टोफेरिन आणि लायसोझाइम अश्रुग्रंथीतून येतात, अल्ब्युमिन मुख्यतः रक्तातून झिरपतं. म्हणून एकटं अल्ब्युमिन चढलं की पहिला संशय दाहाचा. नळीचं झाकण उघडं राहून पाणी उडालं असेल का, हेही पाहिलं. पण तसं असतं तर तिन्ही प्रथिनं एकाच प्रमाणात वाढायला हवी होती.

मग नमुन्यासोबतचा कागद काढला. डावा डोळा: काचेची केशनलिका. उजवा: शिर्मर पट्टी, कारण पापणीच्या कडेला द्रव फार कमी होता. 5 मिमी रुंद कागदी पट्टी खालच्या पापणीत 5 मिनिटं अडकवली की कागद आतल्या नाजूक पडद्यावर घासतो, बारीक रक्तवाहिन्या झिरपतात, पेशीही कागदाला चिकटून येतात. असा नमुना केशनलिकेतल्या नमुन्याशेजारी ठेवून दाहाचा निष्कर्ष काढणं आम्हाला मान्य नव्हतं. अहवाल रोखला आणि दोन्ही डोळ्यांचे नमुने केशनलिकेने पुन्हा मागवले.

हे काम सावकाशीचं आहे. नलिका जवळजवळ आडवी धरायची, बाहेरच्या कोपऱ्याकडे, टोक फक्त द्रवाला लागेल इतकीच. पडद्याला लागली की पुन्हा तीच गडबड. डोळ्यात एकूण अश्रूच साधारण 7 मायक्रोलिटर, आणि मिनिटाला जेमतेम 1 मायक्रोलिटरच्या आसपास नवे येतात. त्यामुळे नलिका काही सेकंदांत भरली तर खूश व्हायचं नाही: डोळा चुरचुरून आलेलं ते पाणी असतं, ते टाकून द्यायचं. मधूनमधून पापणी मिटू द्यायची. मिळालेले 2 ते 3 मायक्रोलिटर प्रथिनं न चिकटणाऱ्या पॉलिप्रोपिलीनच्या नळीत, लगेच बर्फावर, मग थंड सेंट्रिफ्यूज आणि उणे 80 अंश. नमुना पुन्हा पुन्हा वितळवावा लागू नये म्हणून आधीच छोटे भाग करायचे.

पिपेटचीही खबरदारी हवी. लॅक्टोफेरिन मिलिलिटरला 1 ते 2 मिलिग्रॅम इतकं दाट असतं, म्हणून मोजण्याआधी हजारो पट पातळ करावं लागतं. 1 मायक्रोलिटर घेताना 0.1 कमी आलं तर पहिल्याच पायरीला 10 टक्के चूक, आणि ती शेवटपर्यंत तशीच राहते. आम्ही टोकाला बाहेरून लागलेला थेंब पुसून मगच सोडतो.

दुसऱ्या नमुन्यांत दोन्हीकडचं अल्ब्युमिन जुळलं. डोळ्याजवळच मोजलेली ऑस्मोलॅरिटी, म्हणजे अश्रूंतल्या क्षारांची दाटी, उजवीकडे 301, डावीकडे 304 मिलिऑस्मोल: कोरड्या डोळ्यासाठी धरलेल्या 308 च्या मर्यादेच्या आत, आणि दोन डोळ्यांतला फरकही 8 पेक्षा कमी. उजव्या डोळ्याचा पहिला आकडा अहवालात गेलाच नाही.

रुग्णाची जळजळ मात्र खरी होती. पापणीच्या कडेच्या ग्रंथींतलं तेल घट्ट झालेलं डॉक्टरांना दिसलं, आणि प्रथिनांच्या या चाचणीत तेल मोजलंच जात नाही. त्यासाठी वेगळा नमुना मागितला, तोही काचेच्या बाटलीत. तेल विरघळवणारी द्रावणं प्लॅस्टिकमधली रसायनंही ओढून घेतात.