तुम्ही विचारलंत म्हणून: घरी भरलेलं काडतूस स्वस्त पडतं का?

टेक्सासमधला एक मराठी गृहस्थ गॅरेजमध्ये बसून काडतुसं भरतो हे कळलं की लोक हमखास विचारतात, "पैसे वाचतात का हो?" खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीतून निवृत्त झालेले माझे मामाही तेच विचारतात. तो कारखाना १८६९ पासूनचा. तिथे नोकरी केलेल्या माणसाला हे काम घरी करू देतात हेच आधी पटत नव्हतं. इथे अमेरिकेत स्वतःपुरती काडतुसं भरायला केंद्राचा परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो.

वाचतात, पण थोडे. माझी रायफल एआर-१५ धाटणीची, म्हणजे अर्ध-स्वयंचलित; तिला .२२३ रेमिंग्टन मापाचं काडतूस लागतं. काडतुसाचे भाग चार: पितळेची पुंगळी, तिच्या तळाशी ठिणगी पाडणारा प्रायमर, पावडर म्हणजे दारू, आणि गोळी. गोळी साधी ५५ ग्रेन वजनाची घेतली तर दहा-अकरा सेंट, प्रायमर सात-आठ, पावडर पंधराच्या घरात. म्हणजे तेहतीस-चौतीस सेंट झाले, तेही झाडलेलीच पुंगळी पुन्हा वापरायची म्हणून ती फुकट धरून. दुकानातलं तयार काडतूस घाऊक भावात पंचेचाळीसच्या आसपास मिळतं. उरले दहा-बारा सेंट. त्यातून प्रेस (भरायचं दाबयंत्र), डाय (त्यातले साचे), तराजू यांची किंमत वसूल व्हायला हजारो काडतुसं भरावी लागतात.

शिवाय अर्ध-स्वयंचलित रायफल ही पुंगळ्यांची वैरीण. झाडल्यावर पुंगळी चार-सहा हात लांब गवतात भिरकावते, मग वाकून वेचत बसा. ती फुगलेली आणि लांबलेली असते. प्रत्येक वेळी पूर्ण लांबीच्या डायमधून काढून मापात आणावी लागते, वाढलेलं तोंड कापावं लागतं. दर वेळी हाताने बोल्ट ओढायच्या, बोल्ट-ॲक्शन रायफलमध्ये पुंगळी हातात येते आणि टिकतेही जास्त. एआर-१५ मध्ये फायरिंग पिन, म्हणजे प्रायमरवर आपटणारी सुई, मोकळी असते. बोल्ट बंद होताना ती प्रायमरला हलकासा टोला देते, म्हणून प्रायमर पुंगळीच्या तळाच्या पातळीच्या किंचित खालीच बसला पाहिजे. तो वर राहिला तर चाप न ओढताच बार उडू शकतो. इथे घाई करणाऱ्याने या वाटेला जाऊ नये, हे माझं स्पष्ट मत.

स्वस्त म्हणून मिळणाऱ्या पोलादी पुंगळीच्या रशियन मालाचा भरणाऱ्याला उपयोग नाही. त्यात बरेचदा बर्डन पद्धतीचा प्रायमर असतो. पुंगळीच्या तळाला दोन बारीक भोकं, त्यामुळे जुना प्रायमर नेहमीच्या डायने निघत नाही. आपल्याला लागते तळाला मधोमध एकच भोक असलेली, बॉक्सर पद्धतीची पुंगळी. गंमत अशी की ज्यांची ही नावं, त्यांतला बर्डन अमेरिकन आणि बॉक्सर इंग्रज. पण अमेरिकेत चालला बॉक्सर आणि युरोपात बर्डन. २०२१ च्या सप्टेंबरपासून रशियन काडतुसांच्या आयातीला नवे परवाने देणं अमेरिकेने थांबवलं, तेव्हा तो स्वस्त पर्यायही आटला. त्याच सुमारास प्रायमर दुकानांतून गायब झाले होते, आणि घरी भरणारेही हात चोळत बसले होते.

मग मी का भरतो? मला प्रत्येक काडतुसात सारखंच माप हवं असतं, आणि रात्री तासभर कुणी हाका मारत नाही. वाचलेले सेंट मी जास्त गोळ्या झाडून उडवतोच, हे बायकोने केव्हाच ओळखलंय. नुसत्या बचतीसाठी करायचं असेल, तर .३०८ मापाची महागडी, अचूक काडतुसं भरा. तिथे फरक चांगलाच पडतो.

आणि प्रेस मागवण्याआधी स्वतःचा व्हिसा बघा. एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर शिकारीच्या वैध परवान्यासारखे मोजके अपवाद सोडता बंदूकच काय, एक काडतूसही जवळ बाळगणं हा इथे केंद्रीय गुन्हा आहे.